क्लॉक जनरेटर चिप: फ्रिक्वेन्सीचं गणित सोपंय, पोरं अडकतात ती आउटपुटच्या बिट्समध्ये

नाशिकच्या सातपूरला माझं छोटं बेंच आहे, कंपन्यांच्या मशीनचे कंट्रोल कार्ड रिपेअर करतो, आणि फेब्रुवारी उजाडला की डिप्लोमाची पोरं प्रोजेक्टचे डबे घेऊन दारात उभी असतात. त्यात आजकाल क्लॉक जनरेटर चिपबद्दल, म्हणजे सांगाल त्या फ्रिक्वेन्सीचे ठोके काढून देणाऱ्या चिपबद्दल, एक वाक्य ठरलेलं, "सर, आउटपुटच येत नाही, चिप उडाली वाटतं." चिप उडालेली नसते हो. कोड बघितला तर फ्रिक्वेन्सीचं गणित अगदी बरोबर केलेलं असतं, नेटवरनं लायब्ररी उतरवलेली असते, आणि आउटपुट चालू करायचा बिट मात्र उलटा पडलेला असतो. मी स्वतः पहिल्या वेळी एक चिप उपटून दुसरी लावली होती, तीही "मेली", मग तिसरी, आणि तिसऱ्यानंतर डेटाशीट नीट वाचलं. म्हणून इथे उलट्या क्रमाने सांगतो, आधी आउटपुटचा नळ कसा उघडायचा आणि मग त्यातनं काय सोडायचं.

उदाहरणाला एसआय५३५१ए घेतोय. १० पायांची, तीन आउटपुटवाली, स्वस्त, आणि हौशी रेडिओवाल्यांची लाडकी. सिलिकॉन लॅब्जने काढली, २०२१ मध्ये त्यांचा हा धंदा स्कायवर्क्सने घेतला म्हणून आता डेटाशीटवर स्कायवर्क्सचं नाव दिसेल, गोंधळू नका, चिप तीच. एमएस५३५१ नावाची चिनी जुळी बहीणपण मिळते. दुसऱ्या कंपनीची क्लॉक चिप असेल तर रजिस्टरचे, म्हणजे चिपच्या आतल्या आकडे लिहायच्या कप्प्यांचे, नंबर वेगळे असणार, पण आतली रचना बरीचशी अशीच.

अजून एक, सगळे आकडे साध्या दशमान पद्धतीत देतोय. डेटाशीटमध्ये हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले, आकडे असतात पण आर्डुइनोला १७२ लिहिलं तरी तेवढंच कळतं, आणि नवीन माणसाला बिट समजायच्या आधी हेक्सची भीती घालण्यात मला काही अर्थ वाटत नाही. जिथे बिट बघायचेत तिथे आठच्या आठ बिट लिहून दाखवतो.

आत काय चाललंय

नाशिक ढोल सगळ्यांनी ऐकलाय. मिरवणुकीत ताशा तडतडत असतो, फार वेगात, आणि ढोल त्यातल्या ठरावीक ठोक्यांवरच पडतो. समजा ताशाच्या दर ९० काड्यांना एक ढोल. ताशाचा वेग माहीत असला आणि ९० हा आकडा माहीत असला की ढोलाचा वेग आपोआप ठरला. चिपमध्ये हेच आहे. ताशा म्हणजे आतला व्हीसीओ, व्होल्टेजने वेग बदलणारा ऑसिलेटर, तो ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी पळतो. ढोल म्हणजे आउटपुटचा डिव्हायडर, मल्टिसिंथ म्हणतात त्याला. आणि ताशेवाल्याला लय कोण देतं, तर बाहेर लावलेला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याच्या पटीत व्हीसीओला बांधून ठेवायचं काम पीएलएल करतं. असे दोन ताशे आहेत, पीएलएल ए आणि पीएलएल बी. तीन ढोल आहेत, प्रत्येकाला सांगायचं की बाबा तू कुठल्या ताशावर वाजवणार.

म्हणजे १० मेगाहर्ट्झ पाहिजे असेल तर २५ गुणिले ३६, झाले ९००, भागिले ९०, झाले १०. संपलं गणित. हे एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

सामान

चिप सुटी घेऊ नका, पहिल्यांदा तरी नाही. पायांमधलं अंतर अर्धा मिलीमीटर आहे, साध्या सोल्डरिंग गनने दोन पाय चिकटतात आणि मग वैताग. तयार मॉड्यूल घ्या ज्यावर क्रिस्टल, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर सगळं लावलेलं असतं. नाशकात रेझिस्टर-कॅपॅसिटर दुकानात मिळून जातील पण हे मॉड्यूल बहुतेक ऑनलाइनच मागवावं लागतं, नाहीतर कोणी मुंबईला चाललं असेल तर लॅमिंग्टन रोडहून आणायला सांगा.

मॉड्यूल आलं की पहिलं काम, भिंगाने क्रिस्टलवरचा आकडा वाचा. चिपला २५ आणि २७ दोन्ही चालतात आणि विकणारा काय लावेल सांगता येत नाही. मला एकदा २५ सांगून २७ वाला आला होता, १० मागितले की १०.८ मिळायचे, अर्धा दिवस मी माझ्या गणितातच चूक शोधत बसलो. व्हीसीओ ९७२ वर पळत होता, म्हणजे हद्दीच्या बाहेर, तरी बिचारं लॉक झालं होतं. तर १०.८ दिसले की कोडला शिव्या देऊ नका, क्रिस्टल बघा.

कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ सगळ्यात बरा कारण तो ३.३ व्होल्टचाच आहे, आयटूसीच्या, म्हणजे चिपशी बोलायच्या, दोन वायरी, डेटाची एसडीए २१ नंबरला, क्लॉकची एससीएल २२ नंबरला. आर्डुइनो उनो असेल तर ए४ आणि ए५, पण तो ५ व्होल्टचा, आणि ही चिप ५ व्होल्टची नाही. मॉड्यूलवर लेव्हल शिफ्टर असेल तरच उनो सरळ जोडायचा. आहे की नाही ते मॉड्यूलच्या सर्किटमध्ये बघून घ्या, विकणाऱ्याच्या वर्णनावर जाऊ नका.

पायरी १: चिप बोलते का बघा

आयटूसी स्कॅनर चालवा, आर्डुइनोच्या उदाहरणांत तयार मिळतो. पत्ता ९६ आला पाहिजे. लॉजिक अॅनालायझरवर कधीकधी १९२ दिसतो, तो ९६ चाच दुप्पट आहे, काही सॉफ्टवेअर पत्ता आठ बिटचा धरून दाखवतात. काहीच आलं नाही तर पुल-अप रेझिस्टर आणि एसडीए-एससीएलची अदलाबदल ह्या दोन गोष्टी बघा.

मग रजिस्टर ० वाचा. त्याचा सगळ्यात वरचा बिट, म्हणजे बिट ७, एक असेल तर चिप अजून स्वतःची तयारी करतेय, तो शून्य होईपर्यंत थांबायचं. कोडमध्ये हे थांबणं घालाच. पोरं घालत नाहीत, आणि मग "सर कधी चालतं कधी नाही" सुरू होतं.

पायरी २: गणित बाजूला ठेवा, आधी क्रिस्टलच बाहेर काढा

ही माझी आवडती युक्ती. पीएलएल नाही, डिव्हायडर नाही, क्रिस्टलचे २५ मेगाहर्ट्झ जसेच्या तसे पहिल्या आउटपुटवर आणायचे. ते आले म्हणजे चिप जिवंत, क्रिस्टल जिवंत, आउटपुटचा रस्ता मोकळा. पुढे काही बिघडलं तर चूक गणिताच्या बाजूला आहे हे नक्की.

रजिस्टर ३ मध्ये २५५ लिहा, सगळी आउटपुट बंद. रजिस्टर १८७ मध्ये २०८, यानं क्रिस्टलचा सिग्नल आत आउटपुटपर्यंत पोचवायची वाट उघडते. रजिस्टर १६ मध्ये ३. आणि शेवटी रजिस्टर ३ मध्ये २५४.

आता हे २५४ नीट बघा, कारण माझ्या तीन चिपा याच्यापायी गेल्या. रजिस्टर ३ म्हणजे आउटपुटचे नळ, एका बिटला एक नळ, बिट ० म्हणजे सीएलके०, बिट १ म्हणजे सीएलके१, असं. आणि इथे शून्य म्हणजे चालू, एक म्हणजे बंद. आपल्या डोक्यात एक म्हणजे चालू असतं, म्हणून आपण भाबडेपणाने १ लिहितो, म्हणजे ०००००००१, आणि त्याचा अर्थ होतो सीएलके० सोडून बाकी सगळे चालू. नेमका ज्याच्यावर प्रोब लावलाय तोच बंद. २५४ म्हणजे १११११११०, फक्त सीएलके० चालू. तिन्ही पाहिजे असतील तर २४८, म्हणजे १११११०००.

पायरी ३: कंट्रोल बाइट, इथे थोडं थांबा

प्रत्येक आउटपुटला स्वतःचं एक कंट्रोल रजिस्टर आहे, सीएलके० ला १६, सीएलके१ ला १७, सीएलके२ ला १८. एका बाइटमध्ये त्या आउटपुटची सगळी कुंडली. मघाशी त्यात ३ लिहिलं, का लिहिलं ते आता बघू. डावीकडून येतो.

बिट ७, पॉवर डाउन. एक केला की त्या आउटपुटचा ड्रायव्हर झोपला. नळ उघडा असला तरी मागे पाणीच नाही.

बिट ६, इंटिजर मोड. डिव्हायडर सम पूर्णांक असेल, ९० सारखा, तर हा एक करायचा. अपूर्णांकात भागायची सगळी भानगड चिप बाजूला ठेवते आणि सिग्नल स्वच्छ येतो.

बिट ५, कुठला ताशा. शून्य म्हणजे पीएलएल ए, एक म्हणजे बी.

बिट ४, उलटा. जिथे वर तिथे खाली. फुकटात १८० अंशाचा फेज मिळतो, पुश-पुल काहीतरी चालवायचं असेल तर दोन आउटपुट एकाच फ्रिक्वेन्सीला ठेवायचे आणि एकाचा हा बिट एक करायचा, वेगळा इन्व्हर्टर लावायची गरज नाही.

बिट ३ आणि २ मिळून, सिग्नल कुठून घ्यायचा. ०० म्हणजे थेट क्रिस्टल, ११ म्हणजे स्वतःचा डिव्हायडर. मघाशी ०० ठेवलं होतं म्हणून क्रिस्टल आला. आणि हाच तो बिट आहे जो विसरला की "सर डिव्हायडर काहीही टाका, २५ च येतंय" असा फोन येतो.

बिट १ आणि ०, ताकद. ०० ला २ मिलिअँपिअर, ०१ ला ४, १० ला ६, ११ ला ८.

तर ०००००० ११ म्हणजे ३, क्रिस्टल थेट, पूर्ण ताकद. आणि नेहमीचा कामाचा आकडा ०१००११११, म्हणजे ७९, ड्रायव्हर जागा, इंटिजर मोड, पीएलएल ए, सरळ, स्वतःचा डिव्हायडर, ८ मिलिअँपिअर. उलटा पाहिजे तर ९५. पीएलएल बी वर पाहिजे तर १११. २ मिलिअँपिअर पुरे असेल तर ७६. हे पाठ करू नका, एकदा कागदावर आठ चौकोन काढून स्वतः भरा, पाच मिनिटांचं काम आहे आणि मग कुठलीही लायब्ररी उघडली तरी ती काय करतेय ते दिसायला लागतं.

ताकदीबद्दल मत सांगतो. सगळे डोळे झाकून ८ ठेवतात. समोर नुसता मायक्रोकंट्रोलरचा क्लॉक इनपुट असेल तर २ पुष्कळ आहे, उगाच ८ ठेवलं की कडा फार तीक्ष्ण होतात, लांब वायर असेल तर रिंगिंग होतं, म्हणजे कडेवर सिग्नल थरथरतो, आणि शेजारच्या आउटपुटमध्ये पण घुसतं. एसए६१२ सारखा मिक्सर, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी मिसळणारी चिप, असेल तर त्याला लोकल ऑसिलेटरचे २००-३०० मिलिव्होल्ट पुरतात, त्याला ३.३ व्होल्टचा चौकोनी दांडका देऊन काय उपयोग, मध्ये रेझिस्टरचा अॅटेन्युएटर घाला.

पायरी ४: आता १० मेगाहर्ट्झ

क्रम पाळा. आउटपुट बंद करा, ड्रायव्हर झोपवा, आकडे भरा, पीएलएलला रिसेट द्या, मग नळ उघडा.

रजिस्टर ३ मध्ये २५५. रजिस्टर १६ पासून २३ पर्यंत सगळ्यांत १२८, म्हणजे सगळे ड्रायव्हर झोपले. तीनच आउटपुट आहेत मग आठ रजिस्टर कशाला, तर मोठ्या पॅकेजात आठ आउटपुट असतात आणि रजिस्टरचा नकाशा सगळ्यांना एकच आहे.

रजिस्टर १८३ मध्ये क्रिस्टलचा लोड कॅपॅसिटर, जो चिपच्या पोटातच आहे. १० पिकोफॅरडला २१०, ८ ला १४६. मॉड्यूलवरच्या क्रिस्टलला जेवढा लागतो तेवढा, चुकीचा ठेवला तर फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, आउटपुट बंद नाही पडत.

आता पीएलएलची पट आणि डिव्हायडर दोन्ही सारख्याच पद्धतीने लिहायचे असतात. कुठलाही आकडा ए अधिक बी भागिले सी असा मांडायचा, सी जास्तीत जास्त १०४८५७५. मग चिपला त्याचे तीन तुकडे द्यायचे. पी१ म्हणजे १२८ गुणिले ए, त्यात १२८ गुणिले बी भागिले सी याचा पूर्णांक भाग मिळवा, त्यातून ५१२ वजा. पी२ म्हणजे १२८ गुणिले बी मधून, सी गुणिले तोच पूर्णांक भाग, हे वजा. पी३ म्हणजे नुसता सी. वाचायला किचकट, पण आपल्या उदाहरणात बी शून्य आहे म्हणून सगळं गळून पडतं.

३६ साठी पी१ आला ४६०८ वजा ५१२, म्हणजे ४०९६. पी२ शून्य, पी३ एक. पीएलएल ए ची रजिस्टर २६ ते ३३, त्यात ओळीने ०, १, ०, १६, ०, ०, ०, ०. ते १६ कुठून आलं, तर ४०९६ भागिले २५६. मोठा आकडा दोन बाइटमध्ये तोडून लिहायचा असतो, वरचा बाइट १६, खालचा ०.

९० साठी पी१ आला ११५२० वजा ५१२, म्हणजे ११००८, तोडला की ४३ आणि ०. सीएलके० च्या डिव्हायडरची रजिस्टर ४२ ते ४९, त्यात ०, १, ०, ४३, ०, ०, ०, ०. सीएलके१ ची ५० पासून, सीएलके२ ची ५८ पासून, तोच क्रम.

रजिस्टर १६ मध्ये ७९. रजिस्टर १७७ मध्ये १७२, हा पीएलएलचा रिसेट. रजिस्टर ३ मध्ये २५४. ऑसिलोस्कोपवर १० मेगाहर्ट्झ.

हे सगळे आकडे चिपच्या रॅममध्ये असतात बरं का, वीज गेली की पाटी कोरी. प्रत्येक वेळी पॉवर आली की कंट्रोलरने पुन्हा भरायचे. एकाने हे न कळून चिप आधी "प्रोग्राम करून" मग कंट्रोलर काढून टाकला होता आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात डेमोला काहीच चालेना.

पायरी ५: वेडीवाकडी फ्रिक्वेन्सी

१० सोपे होते, मुद्दाम घेतले होते. आता ७.१ मेगाहर्ट्झ घ्या, हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडमधली. इथे दोन रस्ते आहेत. एक, व्हीसीओ ९०० वर ठेवायचा आणि डिव्हायडर अपूर्णांकात, १२६.७६ असं काहीतरी. दुसरा, डिव्हायडर सम पूर्णांक ठेवायचा आणि अपूर्णांक पीएलएलच्या बाजूला ढकलायचा.

दुसरा घ्या. कारण परत ढोलावर येतं. ढोल दर १२६.७६ काड्यांना पडायला सांगितला तर तो कसा पडणार, कधी १२६ व्या काडीला, कधी १२७ व्या, सरासरी बरोबर येईल पण ठोका डुगडुगणार. चिप आतून फेजची दुरुस्ती करते म्हणून एवढं वाईट नसतं, तरी जिटर राहतोच. त्यापेक्षा ताशाचाच वेग जरा हलवायचा आणि ढोल बरोबर १२६ व्याला. पीएलएलकडे फिल्टर असतो, तो डुगडुग बरीचशी गिळतो.

तर ७.१ गुणिले १२६, ८९४.६ मेगाहर्ट्झ, हद्दीत आहे. भागिले २५, ३५.७८४, म्हणजे ३५ अधिक ९८ भागिले १२५. १२८ गुणिले ९८ झाले १२५४४, भागिले १२५ चा पूर्णांक १००. पी१ ४४८० अधिक १०० वजा ५१२, म्हणजे ४०६८. पी२ १२५४४ वजा १२५००, म्हणजे ४४. पी३ १२५. रजिस्टर २६ पासून ०, १२५, ०, १५, २२८, ०, ०, ४४. डिव्हायडर १२६ चा पी१ १५६१६, रजिस्टर ४२ पासून ०, १, ०, ६१, ०, ०, ०, ०.

नॉब फिरवून ट्यून करायचं असेल तर डिव्हायडर १२६ तसाच ठेवून फक्त पीएलएलचे आठ बाइट बदलत राहा, आणि दर पावलाला रिसेट देऊ नका. रिसेट दिला की आउटपुट क्षणभर तुटतं आणि रिसीव्हरमध्ये टिक टिक ऐकू येते. बऱ्याच नमुना कोडमध्ये प्रत्येक बदलाला रिसेट घातलेला असतो, ती ओळ काढून टाका.

आणि हो, चिपमधनं येतं ते चौकोनी, त्यात तिसरं, पाचवं हार्मोनिक, म्हणजे तिप्पट, पाचपट फ्रिक्वेन्सी, भरलेलं असतं. रिसीव्हरला चालून जातं. हवेत सोडायचं असेल तर आधी लो-पास फिल्टर लागतो, आणि त्याच्याही आधी हौशी रेडिओचं लायसन्स, ते नसताना अँटेना जोडून "जरा बघतो" करू नका.

पायरी ६: फेज

एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन सिग्नल, मध्ये ९० अंशांचा फरक, एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, रिसीव्हर करणाऱ्यांना हे लागतं. चिपमध्ये सीएलके० ला रजिस्टर १६५, सीएलके१ ला १६६, सीएलके२ ला १६७, प्रत्येकात सात बिटचा आकडा. एक आकडा म्हणजे व्हीसीओच्या एका चक्राचा पाव भाग एवढा उशीर. ढोलकऱ्याला सांगितलं की तू इतक्या काड्या उशिरा सुरू कर.

आता गंमत. ९० अंश म्हणजे आउटपुटच्या चक्राचा पाव. आउटपुटचं एक चक्र म्हणजे व्हीसीओची १२६ चक्रं. त्याचा पाव म्हणजे व्हीसीओच्या पाव चक्राच्या १२६ पट. म्हणजे फेजच्या रजिस्टरमध्ये डिव्हायडरचाच आकडा टाकायचा! सीएलके० आणि सीएलके१ दोन्हीकडे १२६ चा डिव्हायडर, दोन्ही पीएलएल ए वर, रजिस्टर १६५ मध्ये ०, १६६ मध्ये १२६, रजिस्टर १६ आणि १७ मध्ये ७९ नाही, १५ (फेजचा उशीर द्यायचा तर इंटिजर मोडचा बिट शून्य लागतो), मग रिसेट, मग रजिस्टर ३ मध्ये २५२. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चहा गार होईपर्यंत स्कोपकडे बघत बसलो होतो.

इथे रिसेट मात्र लागतोच. पथकात शिट्टी वाजली की सगळे एकदम सुरू होतात ना, तसं. शिट्टी नाही तर जो तो आपापल्या वेळेला सुरू, वेग सगळ्यांचा तोच पण कोण कोणाच्या किती मागे याला काही धरबंध नाही. फेज भलताच येतोय अशी तक्रार असेल तर आकडे भरल्यानंतर रिसेट दिला का ते बघा, भरायच्या आधी दिलेला चालत नाही.

मर्यादा अशी की सात बिटात १२७ च्या वर जाता येत नाही, म्हणून सम डिव्हायडर १२६ पर्यंतच, आणि व्हीसीओ ६०० च्या खाली नेता येत नाही, म्हणून या पद्धतीने ९० अंश साधारण ४.७६ मेगाहर्ट्झच्या वरच मिळतो.

पायरी ७: बंद केल्यावर पाय कुठे ठेवायचा

याच्याकडे कोणी बघत नाही. रजिस्टर ३ ने आउटपुट बंद केलं, ठीक, पण बंद म्हणजे काय? पाय खाली शून्याला बसणार, वर ३.३ ला बसणार, की मोकळा सोडणार? हे रजिस्टर २४ ठरवतं, प्रत्येक आउटपुटला दोन बिट. ०० खाली, ०१ वर, १० मोकळा म्हणजे हाय इम्पीडन्स, ११ म्हणजे हे आउटपुट कधी बंदच करायचं नाही. ११ चुकून पडला तर रजिस्टर ३ मध्ये काहीही लिहा, ते वाजतच राहणार.

तिन्ही मोकळे पाहिजेत तर ००१०१०१०, म्हणजे ४२. मोकळं कधी ठेवायचं, तर त्याच लाइनवर दुसरा कोणी क्लॉक देणार असेल तेव्हा. एका कार्डावर दोन क्लॉक एकाच ट्रॅकवर जम्परने निवडायची सोय होती, त्यात बंद असलेली चिप पाय खाली ओढून बसायची आणि दुसऱ्याचा क्लॉक अर्ध्या उंचीचा दिसायचा. दोन बिटांची गोष्ट होती.

आणि बंद करणं आणि पॉवर डाउन करणं यात फरक आहे. रजिस्टर ३ ने नळ बंद होतो, मागे डिव्हायडर चालू असतो, पुन्हा उघडलं की लगेच सिग्नल. रजिस्टर १६ च्या बिट ७ ने ड्रायव्हरच झोपतो. मोर्सची की वाजवल्यासारखं चालू-बंद करायचं असेल तर रजिस्टर ३ वापरा, बॅटरी वाचवायची असेल तर झोपवा.

कमी आणि जास्त फ्रिक्वेन्सी, थोडक्यात

डिव्हायडर २०४८ च्या पुढे जात नाही, म्हणून खाली उतरायला आउटपुटच्या आधी अजून एक डिव्हायडर आहे, आर डिव्हायडर, १, २, ४ असं करत १२८ पर्यंत. घड्याळाचे ३२.७६८ किलोहर्ट्झ पाहिजेत? गुणिले १२८ केले ४.१९४३०४ मेगाहर्ट्झ, गुणिले २०० केले ८३८.८६०८, भागिले २५ केले ३३ अधिक ८६६३ भागिले १५६२५. बाकी शून्य, एकदम तंतोतंत. सीएलके० चा आर डिव्हायडर रजिस्टर ४४ च्या बिट ६, ५, ४ मध्ये बसतो, १२८ साठी तिन्ही एक, म्हणजे बाकी काही नसेल तर ११२.

वरच्या बाजूला अपूर्णांकी डिव्हायडर ८ च्या खाली येत नाही, तिथे ६ आणि ४ हे पूर्णांकच चालतात, म्हणून ११२.५ मेगाहर्ट्झच्या वर गेलात की फ्रिक्वेन्सी पीएलएलनेच ठरवावी लागते. तिन्ही आउटपुट वेगवेगळे १२० च्या वर पाहिजेत म्हणाल तर ताशे दोनच आहेत, जमणार नाही.

स्प्रेड स्पेक्ट्रम नावाची एक सोय पीएलएल ए मध्ये आहे, ती फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी हलवत ठेवते म्हणजे रेडिओ गडबड एका जागी साठत नाही. रेडिओच्या कामात ती बंदच पाहिजे, रजिस्टर १४९ चा बिट ७ शून्य.

दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी काढायच्या असतील तर सीएलके० आणि सीएलके२ घ्या. सीएलके० आणि सीएलके१ चे पाय शेजारी शेजारी आहेत, एकाचं दुसऱ्यात ऐकू येतं. सीएलके२ मध्ये ग्राउंड आणि सप्लायचे पाय सोडून पलीकडे आहे.

मोजताना

स्वस्तातल्या २० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर १० मेगाहर्ट्झचा चौकोन गोलसर साइन दिसतो, कारण चौकोन बनवणारी ३० आणि ५० मेगाहर्ट्झची हार्मोनिक स्कोपनेच खाल्लेली असतात. चिपचा दोष नाही. प्रोब १० पटीवर ठेवा, ग्राउंडची वायर जितकी आखूड तितकी बरी, नाहीतर लांब वायरचंच रिंगिंग बघून लोक ८ चे २ मिलिअँपिअर करत बसतात.

फ्रिक्वेन्सी थोडी चुकणारच. १० च्या जागी १०.०००२४० दिसले तर चूक दहा लाखात २४, म्हणजे क्रिस्टल खरा २५.०००६ मेगाहर्ट्झचा आहे. गणितात २५ च्या जागी हाच आकडा घाला, बस. पण मोजणारा काउंटर तरी खरा आहे का, म्हणून जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला एक येणारा पल्स धरून मोजा, तो भरवशाचा. आणि डिसेंबरात पहाटे थंडीत केलेली दुरुस्ती एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तशीच राहील अशी अपेक्षा ठेवू नका, क्रिस्टल तापमानाने सरकतो. मी बेंचवर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजतो.

काहीच येत नसेल तर

या क्रमाने बघा. स्कॅनरवर ९६ येतोय का. रजिस्टर ३ वाचा, लिहिलेलं नाही, वाचा, पाहिजे त्या आउटपुटचा बिट शून्य आहे का. रजिस्टर १६ वाचा, बिट ७ शून्य आहे का. रजिस्टर ० वाचा, बिट ५ एक असेल तर पीएलएल ए लॉक झालेलं नाही, बिट ६ असेल तर बी नाही, व्हीसीओ ६०० ते ९०० मध्ये पडतो का ते पुन्हा गुणून बघा. मग पायरी २, क्रिस्टल थेट बाहेर. तोही नाही आला तर सप्लायचे दोन्ही पाय मोजा, पाय १ आणि पाय ७, आउटपुटचा सप्लाय वेगळ्या ७ नंबरच्या पायाला आहे आणि तिथे व्होल्टेज नसेल तर आयटूसीवर चिप छान उत्तर देते, सगळी रजिस्टर बरोबर दिसतात, फक्त बाहेर काही येत नाही. हाताने बनवलेल्या बोर्डवर तो पाय जोडायचा राहिलेला मी दोनदा पाहिलाय, त्यातला एक बोर्ड माझाच होता.